दुपारच्या तासाला बसलेले

१

दुपारी एक वाजता इलोइलोसारख्या दमट बंदरगावात मानसशास्त्र शिकवणं म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या मासळीला पोहायला शिकवणं. नेनिंग पाल्मारेसबाईंनी हा उद्योग वीस-बावीस वर्षं इमानेइतबारे केला होता. वर्गात शिरायचं, पंखा लावायचा, फळा पुसायचा आणि मग मुलांकडे पाहायचं, हा त्यांचा क्रम. "आधी मुलांकडे पाहिलं, तर पंखा लावायचीही इच्छा उरत नाही," असं त्या स्टाफरूममध्ये सांगत.

विद्यापीठानं त्यांना खोलीही दिली होती, ती दानात फाटकं धोतर द्यावं तशी. जुनी इमारत, तळमजला, लिहायची फळी जोडलेल्या लाकडी खुर्च्या, त्याही बसलं की कण्हणाऱ्या. आणि दोन दारं. पुढचं व्हरांड्यात उघडायचं, मागचं थेट रस्त्यावरच्या फाटकापाशी. रस्त्यापलीकडे मयतांचं सभागृह होतं. तिथे शवपेटी आठ-आठ दिवस फुलांत ठेवलेली असायची, आणि सोयरेधायरे कॉफी, पत्त्यांचे डाव आणि रडणं असं आळीपाळीनं करत लामायला, म्हणजे जागरणाला, बसायचे. बाईंची त्याला हरकत नव्हती. मेलेली माणसं निदान वर्गात मोबाईल वाजवत नाहीत, असं त्या म्हणत.

त्या दिवशी विषय होता अंधश्रद्धा कशी शिकली जाते. बाई रंगात आल्या होत्या. "बाजारातली कोळीण बोहनीची नोट सगळ्या मासळीवरून का फिरवते? एके दिवशी सहज फिरवली, आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. झालं! आता न फिरवता विकून बघायचा तिला धीर होईल का? आणि बघितलंच नाही, तर खोटं आहे हे कळणार कसं? अंधश्रद्धा पुराव्यावर जगत नाही, पुरावा मागायच्या भीतीवर जगते."

वाक्य चांगलं जमलं होतं. तेवढ्यात मागचं दार उघडून काळा ब्लाउज घातलेली एक जाडशी बाई आत आली, शेवटच्या रांगेत बसली आणि कागदाच्या पुडीतले शेंगदाणे खाऊ लागली.

"तुम्ही कोणत्या वर्षाच्या?" नेनिंगबाईंनी विचारलं.

"मी ओतोनची, मॅम. टोमॅटो विकते."

"मग इथे काय काम काढलंत?"

"काही नाही, जरा टेकले. चालू द्या तुमचं, छान सांगता." तिनं पुडीची घडी केली, उठली आणि पुढच्या दारानं, बाईंच्या नाकासमोरून, निघून गेली.

एकही पोर हसलं नाही. नेनिंगबाईंना खरं तर तिथेच खटकायला हवं होतं. हसायची एवढी आयती संधी त्या वर्गानं कधीच सोडली नव्हती.

२

मग रोजचंच झालं. एक रिक्षावाला आला. छत्रीसकट पाचजणांचं एक कुटुंब आलं. दोन नन आल्या. मागच्या दारानं यायचं, घटकाभर टेकायचं, पुढच्या दारानं काढता पाय घ्यायचा. एका म्हाताऱ्यानं तर जाताना बाईंना विचारलं, "इथे थंड पाणी मिळत नाही का?"

"मिळतं. सोबत परीक्षाही द्यावी लागते," बाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी वर्गाची मेयर जुविलिन हिला उभं केलं. वर्गप्रमुखाला तिकडे मेयर म्हणतात. नगरपालिकेच्या मेयरपेक्षा ही पोर जास्त काम करायची.

"बोल. माझा वर्ग म्हणजे धर्मशाळा कधीपासून झाला?"

जुविलिननं मान खाली घातली. "मॅम, कोपऱ्यावरचं चोवीस तासांचं दुकान बंद आहे ना. छप्पर काढलंय."

"मग?"

"लोक पाग्पाग कुठे करणार?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मयताला जाऊन आलेल्या माणसानं सरळ घर गाठायचं नसतं. वाटेत कुठेतरी थांबायचं, बसायचं, आणि मागे लागून आलेलं जे काय असेल ते तिथेच झटकून पुढे व्हायचं. हे बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. इतके दिवस सगळं गाव कोपऱ्यावरच्या त्या दुकानात थंड पेय घेता घेता हे झटकत होतं. एक दुकान मिटलं की गिऱ्हाईक दुसरं दार शोधतं, हा तर बाजाराचा नियम. पण ते दार आपल्या वर्गाचं असेल हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.

घरीही हीच कटकट होती. त्यांची लेक लिवाय नवव्या महिन्यात होती. आधीची दोन्ही पोटात असतानाच गेली होती, म्हणून डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तिनं बजावलं होतं, "मा, त्या मयतघरासमोरून सरळ घरी येत जाऊ नकोस. बेकरीत थांब, कुठेही थांब. माझ्यासाठी."

"मी मानसशास्त्र शिकवते गं."

"मग मला बरं वाटावं म्हणून थांब. तेही मानसशास्त्रच आहे."

उत्तर चोख होतं, म्हणूनच बाईंना जास्त राग आला. त्या थांबल्या नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी तो सगळा राग त्यांनी वर्गावर काढला. खडू आपटून म्हणाल्या, "आज प्रात्यक्षिक. तुमच्या मते लोक इथे काहीतरी सोडून जातात. ठीक." त्या मागच्या रिकाम्या रांगांकडे वळल्या आणि कडक आवाजात बोलल्या, "जे कोणी इथे सोडले गेले असतील, त्यांनी ऐकावं. आजपासून तुम्ही माझे विद्यार्थी. वर्गाचा नियम सगळ्यांना सारखा. मी उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि मी निघाले की मागे कुणी रेंगाळायचं नाही. सगळ्यांनी माझ्या मागोमाग बाहेर पडायचं."

हा त्यांचा नियम खरंच होता. मागे एकदा पंख्याचं बटण कुणीतरी काढून नेलं, तेव्हापासूनचा.

जुविलिननं छातीवर क्रूस काढला. केर्विन नावाचा आगाऊ मुलगा पुटपुटला, "मॅम, तुम्ही तर त्यांना घरीच बोलावलंत."

"बोलावलं. बघू कोण येतं," बाई म्हणाल्या, आणि पुढचा धडा काढला.

३

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचं दुकान उघडलं. ओतोनच्या टोमॅटोवाल्या, रिक्षावाले, नन, सगळे आपल्या जुन्या जागी परतले. मागचं दार पुन्हा कुणी उघडलं नाही. बाईंना वाटलं, सुटले एकदाची.

बाई आत आल्या की मुलं उभी राहत, "गुड आफ्टरनून, मॅम पाल्मारेस" असं गात, बाई "बसा" म्हणत, आणि खुर्च्या एकदम कण्हत. पुढच्या सोमवारीही कण्हल्या. मग शांतता झाली. आणि मग, बाई फळ्याकडे वळता वळता, खुर्च्या पुन्हा कण्हल्या. सावकाश. एक, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. गुडघ्यांवर हात ठेवून म्हातारी माणसं बसतात तसं.

बाईंनी वळून पाहिलं. मुलं बसलेली. मागच्या चार रांगा मोकळ्या.

लाकूड उन्हानं फुगतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. मंगळवारी तेच झालं, तेव्हा त्यांनी सांगितलं, की माणूस जे ऐकायची वाट बघतो तेच ऐकतो, हे तूच शिकवतेस ना? बुधवारी सगळी पोरं पहिल्या तीन रांगांत कोंबून बसली होती. जागेवरून भांडणं चालली होती. वीस वर्षं पुढे बसा, पुढे बसा म्हणून घसा कोरडा केला तेव्हा एक पोर हललं नव्हतं!

"हा काय बावळटपणा आहे?" बाई कडाडल्या.

"ऐकू नीट येतं, मॅम," केर्विन म्हणाला. त्याचा आगाऊपणा उतरला होता.

बाईंचा पारा चढला. शंका आली तर तपासायचं, तिच्याभोवती नाचायचं नाही, अशी त्यांची शिकवण. "सगळे उभे राहा," त्या म्हणाल्या. पोरं उठली. "आता नीट ऐका. मी 'बसा' म्हणेन. पण तुम्ही बसायचं नाही. कुणीही नाही. खुर्चीला हातसुद्धा लावायचा नाही. लाकूड आपोआप वाजत असेल, तर ते माझ्या सांगण्यावर वाजणार नाही. कळलं?"

पोरं हात छातीशी घेऊन उभी राहिली.

"बसा," बाई म्हणाल्या.

क्षणभर फक्त पंखा फिरत होता. मग मागच्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची कण्हली. मग दुसरी. मग चारी रांगा, एकीमागून एक, अगदी आज्ञाधारकपणे.

पुढच्या रांगेतली एक मुलगी रडू लागली. बाईंना मात्र त्या घटकेला भीती वाटली नाही. आधी आला तो वैताग. एवढा स्वच्छ प्रयोग उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून झाला नव्हता, आणि नेमका हाच कुठे छापता येणार नव्हता.

४

भीती घरी आली.

जारोतल्या त्यांच्या घरात जिन्याशेजारी वेताचा लांब बाक होता. बाईंनी संध्याकाळी पावाची पिशवी ठेवली, बाकाच्या टोकाला टेकून चपला काढल्या. तेव्हा बाक त्यांच्या शेजारून दुसऱ्या टोकापर्यंत कुरकुरला. नवीन आलेल्यांना जागा द्यायला माणसं सरकतात, तसा.

आतून लिवायची हाक आली. "मा, इकडे ये. बाळ हलत नाहीये."

थंड पाणी झालं, कुशीवर झोपणं झालं. जावई रोदेलनं गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले ठोके मंद आहेत पण आहेत, घाबरू नका, लक्ष ठेवा. सकाळी बाई कॉलेजला निघाल्या. शेअर जीपसारख्या जीपनीत जेमतेम बसल्या असतील, तोच फोन. "मा! हललं! काय लाथा मारतोय बघ!"

संध्याकाळी त्या घरी आल्या. बाळ थांबलं. सकाळी निघाल्या. बाळ हललं.

बाईंनी स्वतःशी वाद घातला. असा वाद त्यांनी कुठल्या विद्यार्थ्याशीही घातला नसेल. दोनदा झालं म्हणजे काय? योगायोग. संध्याकाळी पोटातली पोरं झोपतातच. तिसऱ्यांदा करून बघ. चौथ्यांदा बघ. कारण आणि योगायोग वेगळे करायचे तर पुन्हा पुन्हा करून बघण्याशिवाय रस्ता नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं.

पण करून बघायचं कुणावर? पलंगावर पडलेली लेक, तिनं आधीच दोन घालवलेली, ह्या तिसऱ्यासाठी ती सात महिने छताकडे बघत पडलेली. बाईंनी तपासायची हिंमत केली नाही. बोहनीची नोट फिरवणाऱ्या कोळिणीला त्या इतकी वर्षं हसत आल्या होत्या. आता त्या तिच्याच शेजारी टोपली घेऊन बसल्या होत्या.

त्यांनी एका सहकारी बाईंच्या खोलीवर मुक्काम हलवला. पेपर तपासायचे आहेत, म्हणून सांगितलं.

"माझे दिवस भरत आले," लिवाय फोनवर म्हणाली, "आणि तुला पेपर सुचतायत?"

"खूप पेपर आहेत गं."

"तू भीतीचे इतके धडे शिकवतेस. मला भीती वाटते, तर तू नाहीस." आणि तिनं फोन ठेवला.

५

पाग्पाग करूनही झालं. लाज गुंडाळून बाई ला पाझच्या बाजारात गेल्या, बाचोयचा, म्हणजे शेवयांच्या रश्श्याचा, वाडगा मागवला, गर्दीत बसल्या, उठल्या. चर्चमध्ये बसल्या. बंदरावर बसल्या. कुठून सरळ खोलीवर गेल्या नाहीत. पण खोलीवर पलंगाच्या कडेला टेकल्या, की त्यांच्या पाठीमागे गादी हळूहळू दबायची.

विभागप्रमुखांकडे खोली बदलून मागितली. ते म्हणाले, "पुढच्या सत्रात बघू, मानांग ताई. एसी चालत नाही का?" त्या खोलीत एसी कधी नव्हताच.

मग त्यांनी जुविलिनला व्हरांड्यात गाठलं. स्वतःच्याच विद्यार्थिनीला असं विचारायचं म्हणजे बाईंना घास तोंडात फिरत असल्यासारखं झालं. "समज... मी त्यांना जा म्हणून सांगितलं तर?"

"सांगितलंत ना परवा, मॅम. आम्ही बाहेरून ऐकलं. 'तास संपला, आपापल्या घरी जा' म्हणालात."

"मग?"

"कुठल्या घरी?" जुविलिन हलकेच म्हणाली. "त्यांच्या घरच्यांनीच तर त्यांना इथे झटकलंय. परत येऊ नयेत म्हणून. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना आपलं म्हणालं, ते तुम्ही."

"मी चेष्टा करत होते, पोरी!"

"हो, मॅम. आम्हाला कळलं होतं ते."

बाईंना एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडावंसं वाटलं. त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "ते बाजारातही झटकले जात नाहीत. का?"

जुविलिन विचारात पडली. वर्गात प्रश्न विचारल्यावर पडायची तशीच. "पाग्पाग मागे लागलेल्यांसाठी असतं. हे कुठे मागे लागलेत? तुम्ही सांगितलंत तेवढंच करतायत. तुम्ही बसलात की बसतात, निघालात की निघतात." मग ती जरा घुटमळली. "तास चालू असताना मात्र कधी त्रास देत नाहीत. ऐकत असतात, मॅम. आमच्यापेक्षा बरं."

६

पुढच्या गुरुवारी तास सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. फोन थरथरला. रोदेल.

"मा, कळा सुरू झाल्यात. आम्ही दवाखान्यात आलोय. ती तुम्हालाच विचारतेय. डॉक्टर म्हणतात ठोके छान आहेत, पण अजून वेळ लागेल. निघा लगेच."

"निघालेच," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांचे दूर राहिलेले सगळे दिवस विरघळले. आई झाल्या आधी, प्राध्यापिका मग. "तास संपला, मुलांनो! माझ्या लेकीचं..." पोरं टाळ्या वाजवत उठली, केर्विननं पिशवी आणून दिली, पुढच्या दारातून सगळी पांगली. बाईंनी पंखा बंद केला आणि पर्स खांद्याला लावली.

मागे खुर्च्या कण्हल्या.

ह्या वेळी बसताना नाही, उठताना. शेवटच्या रांगेपासून पुढे, एक एक करत, ओझं उतरल्यासारखी लाकडं वर आली. इतक्या खुर्च्या आहेत हे बाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं. सगळे उभे राहिले होते. बाईंच्या मागोमाग बाहेर पडायला. त्या जातील तिथे. जिथे तिसऱ्या खेपेला एक जीव जगात यायला धडपडत होता, त्या खोलीत.

बाईंचा हात दाराच्या कडीवर होता. बाहेर ऊन होतं, जीपनीचा भोंगा होता, दहा मिनिटांवर दवाखाना होता. हे सगळं मनाचे खेळ आहेत, त्यांची अक्कल म्हणाली. जा. काही होणार नाही. शंभरातल्या नव्वद वेळा काही होणार नाही.

उरलेल्या दहांचा हिशोब मात्र त्यांना मांडवेना.

त्यांनी कडी सोडली, परत येऊन पंखा लावला, पर्स टेबलावर ठेवली. "बसा," त्या म्हणाल्या. "मी कुठे तास संपला म्हणाले? ते पुढच्या रांगांना. तुम्ही बसा."

ते बसले.

नेनिंगबाई शिकवू लागल्या. काय शिकवलं हे त्यांना नंतर आठवलं नसतं. लहान मूल आईचा चेहरा कसं ओळखतं, ते शिकवलं. माणूस रडतो तेव्हा नेमकं काय होतं, ते. फळा भरला की पुसला, पुन्हा भरला. फोन टेबलावर थरथरत पुढे सरकत होता, तो पडायला आला की त्या एका हातानं त्याला मागे ढकलत आणि बोलत राहत. एकदा रोदेलचा संदेश दिसला. 'मा, कुठे आहात? ती रडतेय.' त्यांनी 'वाटेत आहे' असं लिहिलं, आणि मेंदूची आकृती काढायला घेतली.

चारच्या सुमारास ऊन कललं. खिडक्यांच्या काचपट्ट्यांमधून ते आत आलं आणि मागच्या भिंतीवर उजेडाचे आडवे पट्टे पडले. बाईंनी खडू शोधताना सहज तिकडे पाहिलं.

पट्टे सलग नव्हते. मध्येमध्ये तुटले होते. खुर्चीच्या पाठीच्या वर, वीतभर, माणसाच्या डोक्याएवढी जागा सोडून पुन्हा सुरू होत होते. एक, तिच्या बाजूला एक, भिंतभर. काही जागा उंच, काही बुटक्या. एक तर फारच बुटकी, फळीच्या जेमतेम वर. बाईंनी तिच्यावरून नजर काढून घेतली, कारण तिकडे आणखी बघितलं असतं तर वय कळलं असतं.

फोन पुन्हा वाजला. रोदेल. ह्या वेळी त्याच्या नावाच्या पलीकडे काहीतरी झालं होतं किंवा होत होतं, आणि ते फोन उचलल्याशिवाय कळणार नव्हतं. उचलला, तर आवाज ऐकून पाय इथे राहणार नव्हते. बाईंनी तो पालथा ठेवला. धड्याची शेवटची ओळ झाली होती. पुढचं काही सुचेना. खोलीत शांतता पसरू लागली, आणि मागे कुठेतरी पहिल्या खुर्चीचं लाकूड हलकेच सैल झालं.

"थांबा!" बाई घाईनं म्हणाल्या. मग इतक्या वर्षांत हजारदा वैतागून विचारलेलं, आणि ज्याला कधीच कुणी उत्तर दिलं नव्हतं, ते विचारलं. "काही शंका? कुणाला काही विचारायचंय?"

पंखा फिरत राहिला. फोन वाजत राहिला.

मागच्या भिंतीवर, त्या सगळ्यांत बुटक्या अंधाराच्या शेजारी, उजेडाचा एक पट्टा तुटला. मग त्याच्या वरचा. मग त्याच्या वरचा. सावकाश, बुजरेपणानं, एक बारीकसा काळोख, वर केलेल्या हातासारखा, चढत गेला आणि वर गेल्यावर तिथेच थांबला.

नेनिंगबाईंनी खुर्ची ओढली. फोन वाजायचा थांबला. त्या बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या,

"हं, बोल. विचार. सावकाश विचार, मला काही घाई नाही."